घंगाळावरचं नाव

चिकपेटेत साड्यांची दुकानं संपून बिजागऱ्या-कड्यांची सुरू होतात, तिथे एक बोळ आहे. समोरून कुणी आलं तर एकाने अंग चोरून भिंतीला लागायचं, इतका अरुंद. त्या बोळात आप्पाजींचं जुन्या पितळेचं दुकान होतं, आणि दर मंगळवारी सकाळी पद्माकरराव लिमये तिथे भांडी वाचायला जात.

‘भांडी वाचायला’ हे शब्द त्यांच्या पत्नीचे. फोनवर कुणी चौकशी केली की अलकाताई सरळ सांगत, घरात नाहीत, भांडी वाचायला गेलेत. पद्माकररावांना त्याची थोडी लाज वाटे, पण दुसरा बरा शब्द त्यांनाही सापडला नव्हता. साताऱ्याहून बेंगळुरूला येऊन सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी चौतीस वर्षं धातूचे तुकडे ताणून ते कधी तुटतात ते पाहिलं होतं. निवृत्तीनंतर धातू सुटला नाही, एवढंच.

जुन्या भांड्यांवर नावं असतात. हातोडी आणि टोच्याने ठिपक्याला ठिपका लावून घातलेली. बहुतेक कन्नड, काही तमिळ, तेलुगू, आणि कधीमधी देवनागरी. पद्माकरराव खिशातून भिंग काढत, ओला फडका फिरवून काळपटपणा पुसत आणि नाव वहीत उतरवून घेत. जी लिपी येत नसे तिचं नुसतं चित्र काढत. वहीत एका तांब्यावरची मुंजीची तारीख होती, एका परातीवर दोन सख्ख्या जावांची नावं शेजारी शेजारी होती, आणि एका डब्यावरचं नाव कुणीतरी खिळ्याने खरवडून काढलं होतं. त्या डब्याने त्यांची दोन रात्रींची झोप घेतली. कोण असेल? कुणी खरवडलं? पण विचारणार कुणाला? नाव वाचायचं, लिहायचं, भांडं जागच्या जागी ठेवायचं, असा त्यांचा शिरस्ता. विकत काही घेतलं नव्हतं आणि कुणाला काही विचारलं नव्हतं.

घाईही होती. कोरमंगलातली तरुण मंडळी आताशा घरं सजवायला, हॉटेलं सजवायला जुनं पितळ नेत. हंड्यात मनीप्लँट, परातीचं टेबल, कळशीचा दिवा. त्यांना जुनेपणा हवा असे, पण दुसऱ्याचं नाव नको असे. म्हणून बुधवारी आप्पाजींचा पॉलिशवाला येई आणि फिरत्या चाकावर भांडं धरून नाव साफ घालवून टाकी. मंगळवार हा त्या नावांचा शेवटचा दिवस. आप्पाजींनी पद्माकररावांसाठी एक स्टूल कायमचं ठेवलं होतं. गिऱ्हाइकांना ते सांगत, हे आमचे नाव वाचणारे सार, शासनाचे नाहीत, घाबरू नका.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी स्टुलाशेजारी घंगाळ होतं. जाड, जुन्या घडणीचं, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं, आंघोळीचं पाणी काढायचं घंगाळ. काठाखाली देवनागरी अक्षरं होती, सरळ आणि सुबक:

सौ. सकवारबाई र. मोहिते, कॉटनपेट, १९७१

पद्माकररावांनी ते दोनदा वाचलं. आजवर भेटलेली मराठी नावं नुसती नावं होती. या नावाला पेठ होती, साल होतं. बेंगळुरूत तीन-साडेतीनशे वर्षांपासून राहणारी मराठी घराणी आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण चव्वेचाळीस वर्षांत त्यांची ओळख साताऱ्या-पुण्याकडून नोकरीला आलेल्या चार घरांपलीकडे गेली नव्हती. ही बाई कोण? एकाहत्तर साली तिच्या घरात कुणी ठिपके मारून हे लिहून घेतलं?

आणि मग त्यांना आई आठवली. त्यांच्या घरी वाटी-चमच्यापर्यंत प्रत्येक भांड्यावर आईचं नाव होतं, कारण भांडी गल्लीभर लग्नकार्यांना जात आणि नावावरूनच परत येत. एक पातेलं कुणाच्यातरी लग्नाला गेलं ते आलं नाही. आई त्यानंतर एकतीस वर्षं जगली आणि दर दिवाळीला तिने त्या पातेल्याचा विषय काढला.

‘आप्पाजी, हे उद्या पॉलिशला जाणार?’

‘जाणार की सार. कोरमंगलाची पार्टी आहे. कमळं सोडायची आहेत त्यात.’

‘मी घेतो,’ पद्माकरराव म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले.

आप्पाजींनी हातातला हिशेब बाजूला ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. मग घंगाळ गोणपाटात बांधून दिलं. मेट्रोत सामान तपासायच्या यंत्रात ते मावेना, म्हणून पद्माकरराव रिक्षाने आले, घंगाळ मांडीवर घेऊन, लहान मूल घ्यावं तसं.

अलकाताईंनी आधी घंगाळाकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. आजवर वाचनालयात वाचत होतात, आता पुस्तकं घरी आणायला लागलात का, असं त्यांनी विचारलं. पण हकीकत ऐकल्यावर त्यांनाच जास्त उत्साह चढला. पद्माकररावांना जे चव्वेचाळीस वर्षांत जमलं नसतं ते त्यांनी दोन दिवसांत तीन फोनवर केलं. हळदीकुंकवातल्या एका बाईंची विहीण मोहित्यांच्या नात्यातली निघाली. सकवारबाई हयात होत्या. वय पंचाहत्तर. यजमान रघुजीराव कोरोनाच्या साथीत गेले. कॉटनपेट सोडून आता चामराजपेटेत मुलाकडे असतात.

‘तूच जाऊन ये ना,’ पद्माकरराव म्हणाले.

‘नाव कुणी वाचलं?’ अलकाताई म्हणाल्या.

रविवारी ते एकटेच गेले. वाटेत त्यांनी तीन वाक्यं मनात जुळवली होती. नमस्कार, मी पद्माकर लिमये. तुमची एक वस्तू मला सापडली. ती तुमच्याकडे पोचवायला आलो. चौथ्या वाक्याला त्या बाई आनंदतील, आणि मग आपल्याला फार बोलावं लागणार नाही, असा त्यांचा अंदाज होता.

दार दिव्यश्रीने उघडलं. ही सकवारबाईंची नात, तिशीची, कोरमंगलाच्या कुठल्याशा कंपनीत कामाला. तिने त्यांना बसवलं, ‘अण्णा, कॉफी घेणार का?’ असं विचारलं आणि आजीला हाक मारली. सकवारबाई काठी टेकत आल्या. बारीक अंगाच्या, कपाळ मोकळं, नजर तीक्ष्ण. पद्माकररावांनी तिन्ही वाक्यं बिनचूक म्हटली आणि गोणपाट सोडलं.

बाईंनी नाव वाचलं. वाचायला त्यांना भिंग लागलं नाही. त्या आनंदल्या नाहीत. हात पुढे आला होता तो त्यांनी पदरात घेतला.

‘गंगव्वा गेली काय?’

पद्माकररावांना काही कळलं नाही. गंगव्वा कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, घंगाळ आपल्याला जुन्या बाजारात मिळालं, त्यावर आपलं नाव दिसलं, आपलं हरवलं असेल असं वाटलं.

‘माझं कशानं? मी दिलेलं आहे ते.’

‘पण नाव तुमचं आहे.’

‘नाव माझंच असणार की,’ सकवारबाई म्हणाल्या. ‘आपल्या घरातल्या भांड्यावर आपलं नाव कोण घालतंय अण्णा? ते आपलं आहे, हे भांड्याला सांगायला पाहिजे काय? दुसऱ्याला देतो त्याच्यावर घालायचं. म्हणजे तिनं रोज पाणी काढताना बघावं, कुणी दिलंय ते. तुमच्यात कसं असतंय?’

पद्माकररावांनी आईची पद्धत सांगितली. सांगता सांगताच आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी एका बाईचा आहेर तिच्याच दारात आणून टाकला होता.

मग थोडं दिव्यश्रीने सांगितलं, थोडं आजीने. कॉटनपेटेत एकाच वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या ओळीने बांधलेल्या खोल्यांत, सकवारबाई आणि गंगव्वा शेजारी राहत. दोघी नव्या नवऱ्या. सगळ्या वठाराला न्हाणी एक. पहाटे पाण्याचा नंबर लावताना भांडण झालं ती पहिली ओळख. गंगव्वाला मराठी येत नव्हतं आणि सकवारबाईंचं कन्नड घरातलं, मोडकं. तरी दोघींची बाळंतपणं दोघींनी काढली. एकाहत्तर साली गंगव्वाच्या नवऱ्याने गिरणी सोडली आणि ते बोम्मसंद्र्याला आपल्या गावी शेतीवर गेले. निघताना सकवारबाईंनी हे घंगाळ दिलं. आता तुला न्हाणी स्वतःची, नंबर लावायला नको, म्हणून. त्यानंतर दर श्रावणात वरलक्ष्मीच्या सणाआधी खरेदीला चिकपेटेत आली की गंगव्वा मोहित्यांकडे जेवून जाई. साथ आली आणि ते थांबलं. तिचा नंबर रघुजीरावांच्या फोनमध्ये होता. ते दवाखान्यातून परत आले नाहीत, फोनही आला नाही.

‘दिलेलं भांडं देणाऱ्याच्या दारात दोनच वेळा येतंय,’ सकवारबाई म्हणाल्या. ‘एक, घेणारी गेली आणि मागच्यांनी घर रिकामं केलं. नाही तर तिनं आपल्याला सोडलं.’

पद्माकररावांनी घंगाळ परत गोणपाटात घालायला घेतलं. आपण हे घेऊन जातो, चुकलंच आपलं, असं काहीतरी ते पुटपुटले.

‘आता नेऊन काय? बघितलं की मी.’ बाईंनी काठी बाजूला ठेवली. ‘खरं सांगू? हे गेले ते कळल्यावर ती आल्याशिवाय राहणार नाही, असं मला वाटलं होतं. आली नाही. मग वाटलं, तीच गेली असेल त्या साथीत. म्हणून कुणाला विचारलं नाही. न विचारता ती आपली बोम्मसंद्र्यात होती. तुम्ही हे आणलं, आता तसं चालत नाही. तुम्हीच स्वल्प विचारून या. दोनापैकी कुठलं ते मला सांगा.’

परत येताना रिक्षात मांडी मोकळी होती आणि पद्माकररावांना ती जड वाटत होती. घंगाळ चामराजपेटेच्या ओसरीत राहिलं होतं, गोणपाटासकट. घरी आल्यावर त्यांनी अलकाताईंना सगळं सांगितलं आणि वही कपाटात ठेवून दिली. नावं वाचावीत, तिथेच थांबावं. माणसांपर्यंत जाण्याची आपली लायकी नाही, असं ते म्हणाले. अलकाताईंनी ते ऐकून घेतलं, आणि आप्पाजींचं दुकान उद्या किती वाजता उघडतं ते विचारलं.

आप्पाजींनाही असं कुणी आजवर विचारलं नव्हतं. जुनं पितळ कुठून येतं, हे गिऱ्हाईक कशाला विचारील? पण पद्माकररावांचा चेहरा पाहून त्यांनी दोन ठिकाणी फोन लावले. माल बोम्मसंद्र्याकडच्या एका भंगारवाल्याचा होता. तो गुरुवारी येतो. गुरुवारी पद्माकरराव दुकान उघडायच्या आधीपासून स्टुलावर बसून होते. भंगारवाल्याला घंगाळ चांगलं आठवत होतं. कारण ते देणाऱ्या म्हातारीने त्याच्याकडून काहीच घेतलं नव्हतं. पैसे नाहीत, बदल्यात प्लास्टिकची बादली नाही, काही नाही. एवढं जड पितळ फुकट कोण देतं, म्हणून तोच घाबरला होता. मारम्माच्या देवळामागची गल्ली, हिरवं तीन मजली घर.

म्हणजे गंगव्वा जिवंत होती. आणि तिने आपल्या हाताने ते टाकलं होतं. बोळातून बाहेर पडताना पद्माकररावांना वाटलं, हे दुसरं उत्तर पहिल्याहून बरं की वाईट, हे काही आपल्याला ठरवता यायचं नाही.

त्यांनी ते दिव्यश्रीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, अज्जीला एवढंच सांगितलं तर ती जेवणार नाही. आपण जाऊन कारण विचारू. शनिवारी तिने गाडी काढली. घंगाळ मागच्या सीटवर ठेवलं. सकवारबाई खिडकीत उभ्या होत्या, पण येते म्हणाल्या नाहीत.

होसूर रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. दिव्यश्रीला कुतूहल होतं या अण्णांचं. इतकी वर्षं इथे राहून कन्नड कसं नाही आलं, तिने विचारलं. येतं, पद्माकरराव म्हणाले, पण चूक होईल म्हणून बोलत नाही. ती हसली. म्हणाली, आमचं मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात, आम्ही बोलतोच की. मग तिने विचारलं, नावं वाचून तुम्हाला काय मिळतं? पद्माकररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. विचार करता करता बोम्मसंद्रा आलं.

कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, त्यांच्यामध्ये अडकलेलं जुनं गाव. देवळामागे हिरवं घर होतं. वरच्या दोन मजल्यांवर कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या, गॅलऱ्यांत वाळत घातलेले निळे गणवेश. खाली पायरीवर एक उंच, हाडापेराची म्हातारी सुपात अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. दिव्यश्रीने गाडीचं दार उघडून घंगाळ बाहेर काढलं, तशी तिची बोटं थांबली.

‘मी टाकलेलं माझ्या दारात कुणी आणलं?’ तिने कन्नडमध्ये विचारलं.

एवढं पद्माकररावांना कळलं. पुढचं दिव्यश्री त्यांना सांगत गेली.

गेल्या वैशाखात गंगव्वाच्या नातवाचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या. देवाची पत्रिका ठेवून झाल्यावर पहिलं नाव तिने मोहित्यांचं घालायला लावलं, श्री. रघुजीराव आणि सौ. सकवारबाई. ती पत्रिका पोस्टाने पाठवायची नाही, फोनवर तर नाहीच, हातात द्यायची, म्हणून गुडघे दुखत असताना बस बदलत ती कॉटनपेटेत गेली. वठाराच्या जागी लॉज उभा होता. समोरचा पानवाला म्हणाला, रघुजीराव? ते जाऊन तीन वर्षं झाली की. घर सोडून गेले ते लोक.

‘मेलेल्या माणसाच्या नावाची मंगलपत्रिका हातात घेऊन मी रस्त्यात उभी होते,’ गंगव्वा म्हणाली. ‘अण्णा म्हणत होते मी त्यांना. माझा पहिला मुलगा अडला तेव्हा रात्री टांगा आणायला ते पळाले. ते गेले ते मला पानवाल्यानं सांगायचं?’

घरी आल्यावर तिने चुलीवर पाणी तापवलं, त्याच घंगाळात काढलं, डोक्यावरून आंघोळ केली. मग घंगाळ कोरडं करून ओसरीत ठेवलं, आणि पहिला भंगारवाला दारावरून गेला त्याला देऊन टाकलं. लग्न झालं. मोहित्यांकडचं कुणी नव्हतं.

दिव्यश्री सांगू लागली. ती दुसरी लाट होती. आजोबा एका दवाखान्यात होते आणि आजी दुसऱ्या दवाखान्यात, नाकाला नळी लावलेली. आजीलाच बारा दिवसांनी सांगितलं. स्मशानात बाबा आणि काका दोघंच. कुणालाच कळवलं नाही, कळवायचं ध्यानातच आलं नाही, नंबरही नव्हता.

‘नंतर? नंतर तीन वर्षं होती. घर ठाऊक होतं तिला. एक कार्ड टाकायला हात मोडला होता काय?’

दिव्यश्री खाली पाहू लागली. खरं तेच होतं. गंगव्वाने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. विषय संपला होता.

पद्माकरराव घंगाळाशेजारी उभे होते. आपण या दोन घरांतले कुणी नाही, आपल्याला बोलायचा काही अधिकार नाही, हे त्यांना कळत होतं. पण आपण एक गोष्ट ऐकली आहे आणि ती इथे कुणालाच माहीत नाही, हेही कळत होतं. त्यांनी चव्वेचाळीस वर्षं चुकीच्या भीतीने आवरून धरलेल्या कन्नडमध्ये, शब्द पुढेमागे करत, सांगितलं, की हे मी त्यांच्याकडे नेलं. त्यांनी नाव वाचलं. त्या हे कुठून आलं म्हणाल्या नाहीत, का आणलं म्हणाल्या नाहीत. पहिलं हेच म्हणाल्या, गंगव्वा गेली काय? साथीत तुम्ही गेलात असं त्यांना वाटतं. ते खरं निघेल म्हणून तीन वर्षं त्यांनी कुणाला विचारलं नाही.

तीन-चार ठिकाणी तरी चुकलं असावं. गंगव्वा त्यांच्याकडे एकटक पाहत होती. तिची बोटं सुपातल्या रिकाम्या सालींवरून फिरत होती.

‘मला मेली समजली ती?’

‘हो.’

‘आणि हे समोर आल्यावर हात लावला तिनं?’

‘नाही,’ पद्माकरराव म्हणाले. ‘पदरात घेतला.’

गंगव्वा आत गेली. आली तेव्हा तिच्या हातात दोन पेले मजिगे होतं, म्हणजे आलं-कोथिंबीर घातलेलं पातळ ताक. पेले रिकामे होईपर्यंत ती समोर उभी राहिली. मग तिने दिव्यश्रीला विचारलं, लग्न झालं का, पोरं किती. आणि निघताना पद्माकररावांना म्हणाली, हे घेऊन जा. टाकलेलं मी परत घरात घेत नाही. मी जे बोलले ते तिला सगळं सांग. भंगारवाल्याला दिलं तेही सांग. साखर घालू नको.

गाडीत दिव्यश्री म्हणाली, थोडी साखर घालू या अण्णा. सुनेने विकलं म्हणू. पद्माकररावांनाही तेच सोपं वाटत होतं. खोटं बोलायला त्यांना जमलं असतं असं नाही, पण गप्प राहणं त्यांना उत्तम जमत असे, आणि दिव्यश्री बोलली असती. सिल्क बोर्डाच्या चौकात वीस मिनिटं गाडी उभी राहिली, तेवढ्यात त्यांनी ठरवलं.

सकवारबाई ओसरीतच होत्या. पद्माकररावांनी बसल्या बसल्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं. पत्रिका, लॉज, पानवाला, आंघोळ, भंगारवाला, एक कार्ड टाकायला हात मोडला होता काय. कुठे आवाज खाली आला, पण वाक्य कुठलं गाळलं नाही. दिव्यश्री दाराला टेकून उभी राहिली. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, झालं, या बाई आता आपल्याला घालवून देतील आणि ते बरोबरच होईल.

सकवारबाईंनी एकच गोष्ट विचारली.

‘आंघोळ केली म्हणाली?’

‘हो.’

‘डोक्यावरून?’

‘डोक्यावरून. असं त्या म्हणाल्या.’

बाईंनी मान हलवली. नात्यातलं माणूस गेल्याचं कळलं की करतात ती आंघोळ. नुसत्या शेजाऱ्यासाठी कुणी करत नाही. हे पद्माकररावांनाही ठाऊक होतं, पण बोम्मसंद्र्यात ऐकताना ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सकवारबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्यांनी दिव्यश्रीकडे हात केला.

‘नंबर घेतलास की नाही तिचा? लाव.’

फोन लागला. पलीकडून काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. सकवारबाईंनी मात्र नमस्कार-चमत्कार न करता एकदम कन्नडमध्ये तोफ सुरू केली. दिव्यश्री पद्माकररावांच्या कानाशी येऊन सांगत होती: म्हणतेय, पानवाल्याला आमचा पत्ता विचारायला तुझी जीभ झडली होती काय. म्हणतेय, चामराजपेट काय काशीला आहे. म्हणतेय, पितळेवर कसला राग काढतेस, मी समोर असताना. आता ती बोलतेय. आता दोघी बोलतायत.

दोघी एकदमच बोलत होत्या आणि कुणीही थांबत नव्हतं. सकवारबाईंचा आवाज चढत गेला, मग एकाएकी उतरला. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी हळूच काहीतरी विचारलं.

‘काय विचारलं?’ पद्माकररावांनी न राहवून विचारलं.

‘पत्रिका ठेवलीस काय, म्हणून विचारलं. अज्जय्यांचं, आजोबांचं नाव घातलेली.’

पलीकडून उत्तर आलं असावं, कारण सकवारबाई ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणाल्या. गुरुवारी येते म्हणाल्या. पत्रिका काढून ठेव, हातातच दे, टपालाने पाठवशील तर याद राख, असंही म्हणाल्या, आणि फोन नातीकडे देऊन काठी शोधू लागल्या.

दिव्यश्रीने गाडीतल्या घंगाळाकडे बोट करून हे कुठे ठेवू विचारलं.

‘गाडीतच राहू दे की. गुरुवारी न्यायचंय.’

‘ती घेणार नाही म्हणाली, अज्जी.’

‘ते मी आणि ती बघून घेऊ.’ मग त्या पद्माकररावांकडे वळल्या. ‘तुम्ही पण या अण्णा. अलकाताईंना पण आणा. गाडीतून ते उतरवायला माणूस नको काय?’

पद्माकरराव होय म्हणाले. गुरुवारी ते घंगाळ बोम्मसंद्र्यात राहील, की दोघींच्या भांडणातून आपल्याच मांडीवर परत येईल, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि त्याला अजून पाच दिवस होते.